कोंडवाड्यातलं वासरू

भगवानचा फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होतो. नातवाला शाळेतून घेऊन नुकताच जिना चढत होतो. भगवान म्हणजे माझा बालमित्र मारोती, त्याचा धाकटा भाऊ. तो एरवी मला कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव बघून मी जिन्यातच थांबलो. "गुर्जी, दादा गेला," एवढं बोलून तो रडायलाच लागला. सकाळी हळदीच्या वावरात न्याहारीला बसल्या जागी मारोती आडवा झाला. जीप करून नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांबा. तो म्हणाला, "समदे पावणे आल्यात गुर्जी, सांजच्याला उरकायचं हाय." उरकायचं! पासष्टीचा अख्खा माणूस, आणि उरकायचं. तिथून माझं डोकं जे फिरलं ते आजतागायत ठिकाणावर आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गेलेल्या माणसाविषयी गोड गोड वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

लेकीची धावपळ, तिकीट, हे आणि ते करत मी गावात पोचलो ते पाचव्या दिवशी. आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडे, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर आत. हळद काढून झाली होती आणि बांधाबांधावर धूर होता. उंदरांनी कुरतडलेल्या, उन्हानं तडकलेल्या ठिबकच्या नळ्या लोक या दिवसांत ढीग करून पेटवून देतात. तो काळा, घशात बसणारा धूर हाच आमच्याकडे आता चैत्राचा वास झाला आहे. नाकाला रुमाल लावून मारोतीच्या दारात गेलो. अंगण लख्ख झाडलेलं, पाणी शिंपडलेलं. एवढं मोकळं अंगण त्या घरापुढे मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. भगवानच्या गळ्यात पडलो, दोघेही रडलो, आणि मग मी विचारलं, "गुरं कुठायत?"

"कोणती गुरं?"

"अरे, मारोतीची!"

"ती व्हय..." तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ती तिसऱ्यालाच पेटवली की गुर्जी. दादाच्या अंथरुणासंगट."

ही गुरं म्हणजे काय, ते परक्या वाचकाला सांगायला हवं. मारोती शिल्पकार होता. हा शब्द त्यानं स्वतः कधी वापरला नाही, गावानं तर नाहीच नाही. गाव त्याला तोंडावर 'नळ्यावाला' म्हणायचं आणि पाठीमागे 'येडं'. सातवीपर्यंत शिकलेला, तीन एकरांचा धनी, ठिबक जोडण्यात आणि फुटलेली नळी सांधण्यात हुशार. एका वर्षी त्यानं शेवटची बैलजोडी बाजारात विकली. नांगरटीला ट्रॅक्टर, पेरणीला ट्रॅक्टर, बैल नुसते उभे करून चारायचे तरी किती? त्या पोळ्याला गयावहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सवयीनं पुरणपोळीचं ताट वाढलं आणि ते घेऊन ती रिकाम्या गोठ्यात उभी राहिली. गावात बहुतेकांनी कुंभाराकडचे मातीचे बैल पाटावर ठेवून भागवलं. मारोतीला ते काही पटेना. "ह्यो बैल आपल्या वावरात कवा गेलता का?" असं त्यानं त्या मातीच्या बैलाकडे बोट करून विचारलं म्हणे. पुढच्या पोळ्यापर्यंत त्यानं बांधावरच्या जुन्या नळ्यांचा बैल केला, चांगला पुऱ्या उंचीचा. वहिनीनं त्याला ओवाळलं, पोळीचा घास त्याच्या तोंडाला लावला आणि गाव आठ दिवस हसत राहिलं.

हळद शिजवायला कुकर आल्यापासून जुन्या लोखंडी कढया आमच्याकडे आखाड्या-आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, पालथ्या पडल्या आहेत. तसलीच एक कढई आणून मारोती तिच्यात पाणी उकळायचा, नळ्या मऊ करायचा आणि बांबूच्या सांगाड्यावर वेटाळत जायचा, बारीक तारेनं आवळत आवळत. खांद्याला नळी आडवी, पोटाला उभी, वशिंडाला गोल गोल. कान ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबचे, शेपटीचा गोंडा अंबाडीचा. कढईतल्या जुन्या हळदीनं नळ्यांना कुठं कुठं पिवळी झाक यायची, ती तो पुसत नसे. दारात आलेलं परकं कुत्रं त्या जनावरांवर हमखास भुंकायचं. त्याच्यापेक्षा मोठी दाद त्याला नको होती.

पण खरी गोष्ट त्याच्या कामाच्या रीतीत होती, आणि तीच कुणी समजून घेतली नाही. मारोतीनं मनचं जनावर कधी केलं नाही. जे जनावर या गावात कुणाच्या तरी दावणीला खरोखर होतं, तेच तो करायचा. आणि त्याला नळी लागायची तीही त्या जनावरानं जे वावर कसलं किंवा जिथला चारा खाल्ला त्याच वावरातली. दुसऱ्याच्या बांधावरची नळी फुकट मिळाली तरी घ्यायचा नाही. त्या घरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत बसायचा, की उजवं शिंग किती वळलं होतं, बसताना आधी कोणता गुडघा टेकायचं, मानेला जू कुठं लागलं होतं. माझ्या वडिलांचा ढवळ्या करायला घेतला तेव्हा तो एस.टी.नं थेट हिंगोलीला माझ्या घरी आला. "ढवळ्याचं कोणतं शिंग तुटलेलं व्हतं रं?" मला काही आठवेना. "बापाचा बैल, आन् तुला शिंग ठावं न्हाई? मास्तर कशाचा तू!" असं म्हणून त्यानं माझी यथेच्छ काढली आणि मग स्वतःच सांगितलं, "डावं. हौदाला धडकून टोक गेलतं." त्याला माहीत होतंच. तो मला माहीत आहे का ते बघायला आला होता. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अरे, पण ढवळ्या पांढरा होता, तुझा काळा होणार." तर म्हणाला, "पांढरी नळी तू आण कंपनीतून. तवर ह्यो असाच ऱ्हाईल."

अशी अकरा जनावरं झाली. ढवळ्या, पाटलांची मुरडलेल्या शिंगांची म्हैस, तांड्यावरच्या एका घरची लमाणी गाय, त्याची स्वतःची जोडी... गावात खरी गुरं उरली नव्हती तेवढी मारोतीच्या अंगणात उभी होती. एकदा शहरातल्या कुठल्याशा कलेच्या कॉलेजातली मंडळी आली, फोटो काढून गेली. त्यानंतर गावकरी पाहुणे आले की त्यांना दाखवायला आणू लागले. पण हसणं तेच.

आणि ऊन मात्र कुणाला सोडत नाही. ती नळी चार उन्हाळ्यांत कडक होते, पाचव्यात तडकते. बांधलेली तार सुटते, पाठ खचते. मारोती एक जनावर नवं करायचा आणि दोन दुरुस्त करत बसायचा. त्याच्या घरावरच त्याला धड पत्रे नव्हते, अकरा जनावरांना कुठून घालणार? त्याला हवा होता कोंडवाडा.

आमचा कोंडवाडा चावडीच्या मागे आहे. दगडी भिंती, वर पत्रे, पुढे लोखंडी गजांचं फाटक. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की कोतवाल ते आणून तिथं कोंडायचा. आम्ही तिसरीत असताना मारोतीच्या घरची कपिली गाय कुणाच्या तरी ज्वारीत गेली आणि कोंडली गेली. तिचं वासरू बाहेरच राहिलं, हंबरून हंबरून त्यानं गाव डोक्यावर घेतलं. आम्ही दोघं पळत गेलो. कोतवाल म्हणाला, "मालकाला घिऊन या. कोंडवाड्यातलं जनावर मालकाच्याच हाती देत असतेत. लेकरायच्या न्हाई." मारोतीचे वडील तेव्हा हट्टा गावाला सोयऱ्यांकडे गेलेले. मी दुपारी घरी जाऊन जेवून आलो. मारोती हलला नाही. वासराच्या गळ्यात हात टाकून फाटकाला टेकून बसला होता, आणि आतून कपिली गजांच्या फटीतून आळीपाळीनं दोघांना चाटत होती. संध्याकाळी वडील आले तेव्हाच ते फाटक उघडलं. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली याला. मी जेवायला घरी गेलो होतो हे मला आत्ता लिहिताना आठवलं... असो.

त्या कोंडवाड्यात आता गुरं येत नाहीत, कारण गुरंच नाहीत. आत ग्रामपंचायतीचे जुने फ्लेक्स, मोडक्या खुर्च्या, कचऱ्याचे फुटके डबे कोंडून ठेवलेले. मारोती फाटकाशी उभा राहून मला आतलं दाखवायचा. "म्हैस तिकडं कोपऱ्यात. तिला आंग घासायला भिंत लागती. जोडी मधात. ढवळ्या खिडकीपाशी, त्याला वारं पायजे. आन् हितं दारापाशी वासरू. त्याला भायेरचं दिसाया पायजे." तेव्हा वासरू झालेलंही नव्हतं, पण त्याची जागा ठरली होती. अर्ज मी लिहून दिले, एकदा नाही, तीनदा. 'माननीय सरपंच महोदय' पासून 'आपला नम्र' पर्यंत सगळं माझ्या अक्षरात. पहिला हरवला. दुसरा पुढच्या सभेवर गेला. तिसरा घेऊन मी स्वतः मारोतीबरोबर गेलो, म्हटलं निवृत्त मास्तराचा काही तरी मान राखतील. सरपंच माझाच विद्यार्थी. खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि अर्ज न वाचता म्हणाला, "गुर्जी, कोंडवाडा जनावरायसाठी असतोय, भंगारासाठी न्हाई." बसलेले सगळे फिदीफिदी हसले. मारोतीनं चहा ठेवून दिला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "जनावरंच हायत ती." तो भांडला असता तर बरं झालं असतं. मीही भांडलो नाही. मी चहा प्यालो.

ही गोष्ट संक्रांतीच्या आधीची. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी तो हिंगोलीला आला, खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यातून त्यानं वासरू बाहेर काढलं. कपिलीचं. मान वर, तोंड किंचित उघडं, हंबरतानाचं. मी म्हटलं, "कंडक्टरनं लगेज नाही लावलं?" तर हसून म्हणाला, "लावत व्हता. म्या म्हणलं, पाच वर्सांच्या आतलं लेकरू हाय." चहा झाला, भाकरी खाऊन घेतली. निघताना वासराच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "ह्याला तुझ्यापाशी राहू दे, दत्ता. ह्याला तरी सावली मिळंल." एवढंच. ती आमची शेवटची भेट. मी वासरू गॅलरीत ठेवलं. बायको त्याच्या पाठीवर टॉवेल वाळत घालायला लागली आणि मी तिला एका शब्दानं बोललो नाही.

तर पेटवली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघताना ते बाहेर काढतात आणि ओढ्याकाठी पेटवतात. अंगण तेराव्याच्या मांडवासाठी मोकळं करायचं होतंच. कुणीतरी म्हणालं, ही नळ्यांची जनावरंबी त्याचीच. घरात ठेवली तर त्याचा जीव अडकून राहील. आणि नळ्या तर या दिवसांत पेटवतातच, सारं गाव पेटवत होतं. अकरा जनावरं दोन ट्रॉल्यांत घालून ओढ्याला नेली आणि काडी लावली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं! हेच मला सहन होत नाही. मुद्दाम केलं असतं तर मी कुणाची तरी गचांडी धरली असती. त्यांनी रडत रडत, रीत म्हणून, भाऊ म्हणून, प्रेमानं जाळलं. पुरा जन्म ज्यानं गावाला 'ही नळी नव्हे, हे जनावर आहे' म्हणून सांगितलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी गावानं शेवटी नळ्याच पेटवल्या.

मी भर अंगणात भगवानवर ओरडलो. सुतक, पाहुणे, काही बघितलं नाही. अकला गहाण टाकल्या होत्या का, मला एक फोन करायला काय झालं होतं, असलं वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घेत होता. मग डोळे पुसून हळूच म्हणाला, "गुर्जी, तुमचा गोठा व्हता की गावात रिकामा. तुमी काहून नेली न्हाई?"



आमचा गोठा. पक्क्या विटांचा, पत्र्याचा, बारा जनावरं ऐसपैस मावतील असा. वडील गेल्यापासून रिकामा आहे. वर्षातून दोनदा गावी गेलो की मी त्यात गाडी लावतो. मारोती एकदा माझ्याबरोबर त्या गोठ्यात आला होता, दावणीवरून हात फिरवत म्हणाला होता, "लई मोठा हाय रं तुमचा गोठा." मला कळलं होतं. न कळायला काय झालं? पण एकदा जनावरं आत आली की बाहेर कोण काढणार, उगाच लचांड, असं मनात आलं आणि मी गाडीचा आरसा पुसत बसलो. त्यानं परत विषय काढला नाही. आणि मी मात्र ग्रामपंचायतीला सुवाच्य अक्षरात अर्ज लिहीत राहिलो! सरपंचाला शिव्या घालायला हा लेख लिहायला बसलो होतो. घालतोच आहे. पण पहिली शिवी कुणाला, ते आता वाचकांनाही कळलं.

गयावहिनी आत भिंतीला टेकून बसली होती. मी समोर जाऊन बसलो. मग तीच बोलली. "म्या म्हणलं व्हतं भाऊजी, ती राहू द्या. पण कोन आयकतंय? म्हणले, रडून राहिली, तिला काय समजतंय." पदर तोंडाला लावून ती थांबली. "म्हशीला पेटताना बगितलं म्या. समदी खाली बसली, तीच लई येळ उभी व्हती..."

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. महिन्याभरानं चावडीपुढे शोकसभा झाली. मारोतीचा फोटो, फोटोला हार, माईक. जो तो उठून म्हणाला, मारोतरावांनी टाकाऊपासून टिकाऊ केलं. शाळेत हस्तकलेच्या तासाला आम्ही पोरांकडून काडेपेट्यांची घरं करून घ्यायचो, तो शब्द! आणि काय टिकलं रे, टिकू दिलं का तुम्ही? शेवटी सरपंच उठला आणि त्यानं जाहीर केलं, की गावाच्या या थोर सुपुत्राच्या नावानं कोंडवाड्याचं कलादालन करायचं ठरलं आहे. टाळ्या पडल्या. आठवड्याभरात फ्लेक्स, खुर्च्या, डबे सगळं बाहेर निघालं, भिंतींना चुना लागला, फाटकाला हिरवा रंग लागला. तीन अर्जांत जे झालं नाही ते माणूस मेल्यावर सव्वा महिन्यात झालं. दालन तयार, आणि आत मांडायला एक शिंगसुद्धा नाही. भिंतीवर मारोतीचा मोठा फ्लेक्स लावणार आहेत म्हणे.

मी हिंगोलीला आलो, वासराच्या पाठीवरचा टॉवेल काढला, त्याला ओल्या फडक्यानं पुसलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर घालून गावी घेऊन गेलो. वहिनीला आधी विचारलं. ती म्हणाली, "बांधा." गोठ्यातून वडिलांच्या वेळचा एक खुंटा आणि दावं काढलं. कोंडवाड्याचं फाटक उघडंच होतं. दारापाशी, जिथून बाहेरचं दिसतं तिथं, खुंटा ठोकला आणि वासरू बांधलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींमध्ये ते एवढंसं काळं वासरू तोंड उघडून रस्त्याकडे बघत उभं राहिलं. माझ्या हाताला जुन्या हळदीचा वास येत होता.

चार दिवसांनी सरपंचाचा फोन. आवाजात भारी नम्रता. "गुर्जी, उद्घाटनाला तालुक्याहून सायेब येऊन राहिले. खुर्च्या मांडायच्या हायत. तेवढं वासरू तुमी काढून न्या, न्हाईतर आमी काढून तुमच्या गोठ्यात ठिवतो."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "कोंडवाडा जनावरांसाठी असतो, असं तूच म्हणाला होतास ना? मग त्याची रीतही ऐक. कोंडवाड्यातलं जनावर मालकाच्या हाती देतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. मारोतीला घेऊन ये आणि सोड."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. वासरू अजून तिथंच बांधलेलं आहे.